माउस प्रकरणी मेमो

आमचे साहेब डॉ. उपेंद्र खांबेटे यांच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. साहेबांची कधी चूक होत नाही. नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत झाली नाही, आणि घरी होत असली तर बाई ते बाहेर कळू देत नाहीत. बंगळूरच्या आमच्या सरकारी संशोधन संस्थेत धातूंना तडे कसे जातात याचा अभ्यास चालतो, आणि साहेब त्या विभागाचे प्रमुख. मी सांगलीहून तिथे रुजू झाले तेव्हा मला वाटायचं, विज्ञान म्हणजे चूक शोधणं. आमच्याकडे विज्ञान म्हणजे चूक कोणाच्या गळ्यात घालायची ते शोधणं, हे कळायला मला सहा महिने लागले. त्यानंतरची साडेपाच वर्षं मी तोंड मिटून काढली, तेही सांगून टाकते.

१९९९च्या ऑगस्टमध्ये विभागात पहिला लॅपटॉप आला. वजन साडेतीन किलो. आत तेव्हाची नवीकोरी विंडोज ९८ होती. साहेबांनी तो स्वतःच्या खोलीत ठेवला आणि त्यावर बाईंनी विणलेला क्रोशाचा रुमाल घातला. त्या दिवसांत सगळ्या जगाला धास्ती होती की एक जानेवारीला कॉम्प्युटर २००० साल न समजता १९०० समजतील आणि अनर्थ होईल. दिल्लीने प्रत्येक विभागाकडून सगळी यंत्रं ठाकठीक असल्याचं प्रमाणपत्र मागितलं होतं. आमच्या बाकीच्या बावीस यंत्रांत विंडोज ९५ होती. दोन प्रकारची यंत्रं म्हणजे दोन प्रमाणपत्रं, म्हणून साहेबांनी हिरव्या शाईने सही करून नोट काढली: एकसारखेपणा राखण्यासाठी सर्व यंत्रांत विंडोज ९५ असावी. म्हणजे नव्या लॅपटॉपमधली नवी विंडोज काढून जुनी घालायची. आमचे जितेंद्र म्हणाले की याला दूरदृष्टी म्हणतात. जितेंद्रची पीएच.डी. द्रवांच्या प्रवाहावर आहे, आणि प्रवाह कुठे चाललाय ते त्यांना नेहमी आधी कळतं.

विंडोज बदलण्याचं काम केलं रघुजीने. विभागातलं सगळंच काम रघुजी करायचा. छपाईयंत्र अडकलं, रघुजी. तडे मोजायच्या यंत्राची तार जळली, रघुजी. त्याचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथेच राहिलं. तो शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे राहायचा, टेपरेकॉर्डर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर शिकला होता, आणि १९९० पासून आमच्याकडे होता. पण कागदावर तो तंत्रज्ञ नव्हता. कागदावर तो ‘सामान उचलण्यासाठी हंगामी मजूर’ होता. एकोणनव्वद दिवस झाले की त्याला एक दिवस कामावरून काढत आणि परत घेत, म्हणजे सलग नोकरी दिसायला नको. त्या एका दिवशीही तो यायचा आणि कँटीनच्या मागे बसून राहायचा, कारण काही बिघडलं की जितेंद्र त्याला शोधत यायचे.

दर वर्षी रघुजी कायम करण्यासाठी अर्ज करी, आणि दर वर्षी तेच उत्तर येई: या नावाचा तंत्रज्ञ आमच्या दप्तरी नाही. त्याचं नाव एकाही कागदावर येऊ नये याची काळजी प्रशासन अधिकारी शिवाप्पा डोळ्यांत तेल घालून घेत. येत्या मार्चमध्ये रघुजीला चाळीस पूर्ण होणार होती. चाळिशीनंतर नियमाप्रमाणे कोणालाच कायम करता येत नाही. म्हणजे हा शेवटचा अर्ज, आणि त्याचंही उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

सप्टेंबरअखेर साहेबांच्या मुलीने, शमिकाने, कॅलिफोर्नियाहून माउस पाठवला. निळा, आरपार दिसणारा, आतली गोळी फिरताना दिसायची. आपल्या नेहमीच्या माउसला गोल पिन असते. याच्या वायरीच्या टोकाला चपटी पट्टी होती, यूएसबीची. लॅपटॉपला तसं चपटं भोकही होतं. दसऱ्यानंतर दिल्लीहून एक संचालक पाहणीला येणार होते, आणि त्यांना लॅपटॉपवर तड्यांची चित्रं दाखवायची ती याच माउसने, असं साहेबांनी ठरवलं. त्यांनी माउस लावला. पडद्यावरचा बाण जिथे होता तिथेच राहिला.

रघुजीला बोलावलं. त्याने पाहिलं आणि सांगितलं की लॅपटॉपमध्ये ९५ आहे, तिला या भोकाची ओळखच नाही. यंत्राबरोबर आलेली ९८ परत घातली की झालं, अर्ध्या तासाचं काम. तेही नको असेल तर जुना गोल पिनेचा माउस लावा, तो आत्ताच्या आत्ता चालेल. या सगळ्याला मिनिटभरही लागलं नसेल. बिघाडाचा शोध तिथेच संपला होता.

पण ९५ घालण्याची नोट साहेबांची होती, आणि नोट चुकली असं म्हटल्यावर पुढचं वाक्य कोण बोलणार? साहेबांनी रघुजीला सांगितलं की आधी ‘स्वल्प’ म्हणजे जरा आणि ‘सरी’ म्हणजे बरं, हे कानडी शब्द सोडून धड मराठी बोलायला शीक आणि मग मला विंडोज शिकव. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि शास्त्रशुद्ध शोध सुरू झाला.

तो तीन आठवडे चालला. जितेंद्रांनी माउसची गोळी काढून स्पिरिटने धुतली. मग त्यांनी माउस दहा वेळा लावला, दहा वेळा काढला आणि त्याचा तक्ता केला. दहाही वेळा निकाल तोच आल्यामुळे प्रयोग विश्वासार्ह असल्याचं खाली लिहिलं. एक जण म्हणाला टेबल लाकडी आहे म्हणून, एक जण म्हणाला लोखंडी आहे म्हणून. टेबल खरं तर सनमायक्याचं होतं. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, विभागातल्या झाडून सगळ्या यंत्रांना गंध-कुंकू लागतं, तसं लॅपटॉपलाही लागलं. मग भोकात कुंकू गेलं असावं अशी कुजबुज झाली. माउस पूजेच्या तीन आठवडे आधीपासून बंद होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. साहेबांनी, आपण हे मानत नाही असं दोनदा सांगून, भोक हळूच पुसून घेतलं.

सगळ्यांवर ताण केली ती खुद्द साहेबांनी. अमेरिकेत वीज एकशे दहा व्होल्टची आणि आपल्याकडे दोनशे तीसची; तेव्हा माउसला हा दाब सोसत नसणार, असा त्यांनी सिद्धान्त मांडला. माउसला वीज लॅपटॉप देतो आणि ती पाच व्होल्टची असते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. दुसऱ्या दिवशी आठ किलोचा ट्रान्सफॉर्मर आला, आणि तो दुसऱ्या मजल्यावर कोणी चढवला ते सांगायला नको. तेवढं एक काम मात्र रघुजीच्या कागदावरच्या हुद्द्याप्रमाणे होतं. साडेतीन किलोचा लॅपटॉप आठ किलोच्या ट्रान्सफॉर्मरला जोडला, आणि माउसची वायर धरून तीन पीएच.डी. उभे राहिले. बाण हलला नाही.

रघुजी दाराशी उभा राहून हे पाहत होता. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर साहेबांपेक्षा स्वतःचा जास्त आला. नोटेची प्रत माझ्याच फायलीत होती. पण माझ्या बढतीची मुलाखत डिसेंबरात होती आणि ती घेणारे साहेबच होते. मी मूग गिळून बसले.

दिल्लीचे संचालक आले. मृदू बोलणारे, थकलेले गृहस्थ होते. जेवण करून आल्यामुळे त्यांना कशातच फारसा रस नव्हता. माउस चालत नाही हे साहेबांना ठाऊक होतं; तरी ऐनवेळी चालेल अशी आशा त्यांना होती, कारण न चालण्याची परवानगी त्यांनी त्याला दिलेली नव्हती. सगळ्यांसमोर त्यांनी माउस फिरवला. मग जोरात फिरवला. संचालकांनी सहज विचारलं की हा चालत का नाही.

संचालक सोडून खोलीत आम्ही अकरा जण होतो आणि कारण अकराही जणांना ठाऊक होतं. साहेब हिंदीत म्हणाले की आमच्या टेक्निशियनने विंडोज चुकीची घातली. मला आजही तो क्षण आठवतो, कारण जितेंद्रांनी मान डोलावली आणि माझीही मान थोडीशी हलली. संचालकांनी जांभई दाबत वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, अशा माणसाला मेमो द्यायला हवा, आणि एक प्रत मला पाठवा. साहेब म्हणाले, आजच देतो.

संचालक विमानतळाकडे निघाले तसं साहेबांनी मला मेमो लिहायला बसवलं. असले कागद एरवी शिवाप्पांच्या नजरेखालून जात, पण शिवाप्पा दसऱ्याच्या सुट्टीला जोडून आठवडाभर आनेकलला शेतावर गेले होते. साहेबांनी मजकूर सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला अडले. रघुजीचं पूर्ण नाव काय? जितेंद्रांना ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. ज्या माणसाला आम्ही दिवसातून वीस वेळा हाका मारत होतो त्याचं आडनाव विभागात कोणालाच माहीत नव्हतं. मी ते विचारायला खाली गेले.

रघुजी जिन्याखाली ट्रान्सफॉर्मर पुसत बसला होता. मेमोचं कसं सांगावं मला कळेना, म्हणून मी सरळ सांगून टाकलं. तो चिडला नाही. त्याने फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, “मेमोला नंबर असतो का, अक्का?”

मी म्हटलं, असतो.

“शिक्का? दिल्लीला प्रत?”

“तीही जाणार.”

त्याने खाली ठेवलेल्या फडक्याची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाला, “मग तुम्ही स्वल्प नीट लिवा. कुठल्या सालापासून काम करतो, काय काय करतो, ते सगळं घाला. मजुराला मेमो देत नाहीत, अक्का. मेमो नोकराला देतात.”

मला समजायला एक क्षण लागला. नऊ वर्षं ज्या संस्थेने हा माणूस तंत्रज्ञ नाही असं लिहून दिलं, तीच संस्था आता हा तंत्रज्ञ आहे आणि त्याने तंत्रज्ञाचं काम चुकवलं, असं सही-शिक्क्यासह लिहून देणार होती. कामगार न्यायालयात एवढा एक कागद पुरला असता. दोष लागल्याशिवाय या माणसाच्या असण्याचा पुरावा मिळणार नव्हता. मी त्याला पूर्ण नाव विचारलं. रघुजी मल्हारराव मोहिते, असं त्याने सावकाश सांगितलं आणि मी लिहून घेते आहे की नाही ते वाकून पाहिलं.

वर जाऊन मी मेमो लिहिला. तसा मेमो मी पुन्हा लिहिलेला नाही. ‘श्री. रघुजी मल्हारराव मोहिते, तंत्रज्ञ, संगणक कक्ष, आपण सन १९९० पासून या विभागात अखंडपणे तांत्रिक कामे पाहत असूनही’ अशी सुरुवात केली आणि कोणकोणती कामं ते ओळीने मांडलं. इतका अनुभव असताना ही अक्षम्य चूक, असा कडक शेवट केला. साहेबांनी वाचलं. ‘अखंडपणे’ या शब्दावर त्यांची नजर थबकली. पण ते म्हणाले की बरोबर आहे, नऊ वर्षांच्या अनुभवाने तर गुन्हा आणखी मोठा होतो. त्यांनी हिरव्या शाईने सही केली. दिल्लीची प्रत त्याच संध्याकाळी रजिस्टर पोस्टाने गेली. पोस्टात मी स्वतः गेले.

दुसऱ्या दिवशी रघुजीने विभागात धारवाडी पेढे वाटले. जितेंद्रांनी दोन खाल्ले आणि कशाबद्दल ते विचारलं नाही.

सोमवारी शिवाप्पा परतले आणि टेबलावरची मेमोची प्रत वाचून त्यांनी कपाळावर हात मारला. अर्ध्या तासात आम्ही सगळे साहेबांच्या खोलीत होतो. शिवाप्पांनी उभ्या उभ्या साहेबांना सगळं समजावलं: या कागदाने रघुजी नोकर ठरतो, तोही नऊ वर्षांचा, आणि कोर्टात गेला तर संस्थेला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. दिल्लीकडे प्रत गेली आहे, तेव्हा कागद नुसता फाडून भागणार नाही. एकच वाट आहे. मेमो चुकून दिला गेला, त्या माणसाचा दोष नव्हता, असं साहेबांनी लेखी कळवून तो मागे घ्यावा.

साहेबांना पटलं. साहेब मनाने वाईट नाहीत. स्वतःला खर्च नसेल तर ते कोणालाही निर्दोष ठरवायला तयार असतात. त्यांनी रघुजीला बोलावलं, खुर्ची दिली, जी त्याने घेतली नाही, आणि कधी नव्हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की झालं गेलं विसरून जा, यात तुझी काही चूक नव्हती.

रघुजी शांतपणे म्हणाला, “चूक माझीच आहे, सर. मी घातलं ९५. मी कबूल लिहून देतो.”

साहेब म्हणाले, तू निर्दोष आहेस. रघुजी म्हणाला, नाही सर, मी दोषी आहे. साहेबांनी त्याची वकिली केली, त्याच्या कामाची तारीफ केली, असा कुशल माणूस अशी चूक करणंच शक्य नाही असं म्हणाले. नऊ वर्षांत रघुजीबद्दल जेवढं चांगलं बोलायचं राहून गेलं होतं तेवढं त्या दहा मिनिटांत बोलून झालं. रघुजी मान खाली घालून आपला अपराध धरून बसला.

शेवटी शिवाप्पा कानडीत पुटपुटले की त्याच्या कबुलीचं काही नाही, आपण फक्त खरं कारण लिहून टाकू. साहेबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, लिही, मोहिते यांचा दोष नसून.

मी लिहिलं आणि थांबले. पेन तिथेच राहिलं.

“मग कोणाचा, सर?” रघुजीने विचारलं.

त्याच्या विचारण्यात कुचेष्टा नव्हती. वाक्य अर्धं राहिलं होतं आणि ते पुरं व्हायला हवं होतं, एवढंच. जितेंद्र खिडकीबाहेर पाहू लागले. मी फाईल उघडली आणि ऑगस्टची नोट, हिरवी सही वर येईल अशी, साहेबांसमोर ठेवली. सहा वर्षांत मी केलेलं धाडस एवढंच, आणि तेही न बोलता. साहेबांनी नोट पाहिली. बराच वेळ पाहिली. दिल्लीच्या संचालकांना आपल्या हाताने कळवायचं होतं की चूक माझी. दोन शब्द होते. मला खरंच वाटलं की ते लिहितील, आणि त्या क्षणी त्यांनी ते लिहू नयेत असंच मला वाटत होतं.

साहेबांनी नोट उलटी करून बाजूला सारली.

“नाही,” ते म्हणाले. “चूक तुमचीच आहे, मोहिते.”

नऊ वर्षांत ते रघुजीला पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणाले. रघुजीने “सरी, सर” म्हटलं आणि तो निघून गेला.

कोर्टापर्यंत जायची वेळच आली नाही. रघुजीच्या वकिलाच्या एका पत्रावर शिवाप्पांनी फाईल हलवली आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, चाळिशीला नऊ दिवस उरले असताना, रघुजीचा कायमचा हुकूम निघाला. मागची नऊ वर्षं मोजायची नाहीत, निवृत्तिवेतनालाही नाही, असं त्यात शिवाप्पांनी बारीक अक्षरात घातलं होतं. तेवढं त्यांनी वसूल केलंच. माझी बढती डिसेंबरात हुकली, आणि नोट समोर ठेवल्याचं मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं.

हुकमाबरोबर रघुजीचं सेवा पुस्तक उघडलं. नव्या नोकराचं पहिलं पान कोरं असतं. रघुजीच्या पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत, ठपक्याची नोंद आहे: वरिष्ठांच्या लॅपटॉपमध्ये चुकीची विंडोज घातल्याबद्दल सक्त ताकीद. नोंद बरोबर असल्याबद्दल खाली नोकराची सही लागते. रघुजीने ती माझ्या टेबलावर केली. संपूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घालत राहिला.